एकच गिऱ्हाईक

नव्या पुस्तकांचं पार्सल फोडलं की बाइंडिंगच्या खळीचा वास येतो आणि मला माझी पहिली कादंबरी आठवते. प्रकाशकांनी ती परत पाठवल्यावर दोन वर्षं मी काहीच लिहिलं नव्हतं. शेवटी अकोल्याच्या एका प्रेसमध्ये ती स्वतःच छापून घेतली आणि तिथल्याच एका दुकानात थोड्या प्रती ठेवल्या. महिन्याभराने दुकानदाराचा मला अमरावतीला फोन आला, “म्याडम, तुमचं पुस्तक एकच माणूस घेऊन राहिला.” माझा संशय थेट अकोल्यातल्या भावावर गेला, माझी कीव येऊन तोच कुणाला तरी पाठवत असणार. विचारलं तर नुसता हसला, तेव्हा माझी खात्रीच पटली. एका दुपारी त्याला न कळवता एसटीने गेले आणि दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. तासाभराने एक म्हातारा आला. माझ्या पुस्तकाच्या प्रती त्याने शेवटून उघडून पाहिल्या आणि एक बाजूला काढली. “कोणी पाठवलं तुम्हाला?” मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. “मले कोन पाठवीन, बाई? याची बाइंडिंग मीच केली. काई प्रतींत शेवटची पानं उलटी लागली. प्रेसचा मालक म्हने, राहू दे, कोन वाचते. मंग मीच नेतो, सुधरवतो अन् आमच्या वाचनालयात देतो.” पुस्तक माझंच आहे, हे मी कसंबसं सांगितलं. तो लगेच म्हणाला, “मंग सांगा, ते पोरगी शेवटी माहेरी काहून नाई गेली?” मी त्याच्या हातातली प्रत घेतली आणि शेवटचं पान पुन्हा वाचू लागले. आता माझी पाच पुस्तकं झाली, पण प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण मी अजूनही त्या माणसाला मनातल्या मनात समोर बसवूनच लिहिते.