समोरासमोर दोन गोगलगायी

सत्तर सालच्या सुमारास यांची बदली कलकत्त्याला झाली आणि आम्ही बेहालाला दोन खोल्यांत राहायला आलो. हे सरकारी खात्यात पाण्यातल्या गोगलगायींचा अभ्यास करायचे. घरामागच्या तळ्यातल्या गोगलगायी आणून माझ्या काचेच्या वाडग्यात ठेवायचे. लोणच्याचा वाडगा गेला म्हणून मी कुरकुर करायची, पण बघत बसायची मीच. बंगाली येत नव्हतं, शेजारणींशी बोलायची लाज वाटायची. गोगलगायींशी काही बोलावं लागत नाही.

यांचा हात चित्राला अगदीच वाईट. एकदा यांनी काढलेली गोगलगाय बघून मी म्हटलं, "हा बटाटा कुणाचा?" तेव्हापासून चित्रं माझ्याकडे आली.

मी चौथीपर्यंत शिकलेली. चित्रकला कुठून येणार? मला भरतकाम यायचं. उशीच्या अभ्र्यावर राघू भरायचा तर आधी पातळ कागदावर तो पेन्सिलीने काढायचा, रेषेवरून सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून निळीचा बोळा फिरवायचा. खाली ठिपके उमटतात. गोगलगायीचाही मी असाच भोकांचा खाका केला. मोठं भिंग घेऊन शंखाचे वेढे मोजले, तोंडाच्या कडेला एक टवका उडालेला होता तोही घेतला. खाका जाड कागदावर ठेवून वरून कोरडी नीळ फिरवली आणि ठिपक्यांवरून काळी शाई फिरवली.

कागदाची अर्धी बाजू मोकळी राहिली, ती मला बघवेना. अभ्र्यावर एकटा राघू कोण भरतं? खाका पालथा केला आणि समोर दुसरी गोगलगाय काढली.

हे कपाळाला हात लावून बसले. "अगं, हिचं तोंड डावीकडे आलं!"

"जोडी बरी दिसते."

"या जातीच्या शंखाचं तोंड उजवीकडेच असतं. देवानं हिची जोडी केलेली नाही."

मी ओशाळले. त्याच खाक्याने दुसऱ्या कागदावर एकच गोगलगाय काढून दिली. बिघडलेला कागद यांच्या फाइलीत तसाच राहिला आणि ती फाइल यांच्या साहेबांनी "जरा बघतो" म्हणून नेली. साहेब मराठीच. आमच्याकडे दोनदा जेवून गेलेले.

यांनी लेख लिहून एस्प्लनेडजवळच्या एका शास्त्रीय मासिकाकडे पाठवला. पुढे संपादकांचं पत्र आलं. ते वाचताना यांचा चेहरा उतरला. मासिकात साहेबांचा लेख आधीच छापून आला होता, आणि त्यात माझं चित्र होतं. यांनी चित्र आणि माहिती साहेबांची चोरली असं दिसतं, खुलासा न आल्यास खात्याला कळवावं लागेल, असं संपादकांनी लिहिलं होतं.

हे दोन दिवस जेवले नाहीत. चोर म्हणून नाव लागलं तर नोकरीत तोंड कसं दाखवणार? मी विचारलं, "साहेबांनी लिहिलंय तरी काय?"

यांनी अंक आणून वाचून दाखवला. बेहालाच्या एकाच तळ्यात उजव्या तोंडाच्या आणि डाव्या तोंडाच्या अशा दोन्ही गोगलगायी सापडल्या, हा मोठाच शोध आहे, वगैरे.

मी यांना मध्येच थांबवलं. "अहो, ती डावी माझी आहे!"

यांनी संपादकांना सगळं कळवलं. उत्तर आलं, की छापलेल्या लेखावर आरोप असेल तर दोघांनी समोर यावं, आणि ज्याने चित्र काढलं त्याने कच्चं काम बरोबर आणावं.

"मी सांगेन त्यांना," हे म्हणाले.

"तुम्ही काय सांगणार? काढलंय मी."

ट्रामने जाताना खाका मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळून धरला होता. तळहाताच्या घामाने वर्तमानपत्र ओलं झालं. संपादक म्हणजे पांढरं धोतर नेसलेले वृद्ध बंगाली गृहस्थ. शेजारी त्यांचे दोन सहकारी. साहेब आधीच येऊन बसले होते. मला बघून हसले.

"वहिनी, तुम्ही कशाला एवढ्या लांब? बायकांच्या भरतकामाला आता शास्त्रात आणायचं का?"

मी वर्तमानपत्र उलगडू लागले. संपादक हिंदीत म्हणाले, "बैठो, मा. क्या लाई हो?"

मी खाका पुढे केला. त्यांनी कपाटातून साहेबांनी दिलेला मूळ कागद काढला. तो माझाच कागद. मी उजव्या गोगलगायीवर खाका ठेवला. प्रत्येक भोकातून खालची काळी रेघ दिसली. मग खाका पालथा करून डावीवर ठेवला. तीही तशीच बसली, टवक्यासकट.

संपादकांनी भिंग घेतलं. शाईच्या कडेला निळीचे ठिपके अजून होते. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग साहेबांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. यांनी मला हळूच सांगितलं, "विचारताहेत, डावी गोगलगाय दाखवा."

साहेब म्हणाले, ती मेली. मग तिचा शंख? तो हरवला. उजवीच्या आणि डावीच्या तोंडाला एकाच जागी, एकाच मापाचा टवका कसा? साहेब घड्याळाकडे बघू लागले.

तेव्हा माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मोडक्या हिंदीत मी म्हटलं, "वो गलती है. मेरी गलती है. तळ्यात ऐसा कुछ नहीं." मराठी शब्द मध्येच घुसला, पण सगळ्यांना कळलं. स्वतःची चूक इतक्या ताठ मानेने मी आधी कधी सांगितली नव्हती.

येताना मी यांना विचारलं, आता तो लेख फाडून टाकतील का? हे म्हणाले, छापलेला अंक गावोगाव गेलेला असतो, तो परत आणता येत नाही. पुढच्या अंकात चूक सांगायची, म्हणजे जुना लेख वाचणाऱ्याला ती कधीतरी सापडते. मला ते पटलं नाही. टाका चुकला तर आम्ही उसवतो. यांची पद्धत म्हणजे चुकीचा टाका राहू द्यायचा आणि शेजारी लिहायचं, हा चुकला. पण घरी येईपर्यंत वाटू लागलं, उसवलेलं कुणाला कळत नाही, हे मात्र सगळ्यांना कळेल.

अंक आला तेव्हा मी पोळ्या करत होते. हे चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरले आणि इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले. अमुक लेख मासिक मागे घेत आहे. त्यातलं चित्र लेखकाचं नव्हे, त्यातला शोध खरा नव्हे, कुणी त्याचा आधार घेऊ नये. पुढच्या पानांवर यांचा लेख होता. त्यात यांनी चित्राबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. संपादकांनी तेही चालू दिलं नाही. चित्राखाली छापलं होतं, "चित्र लेखकाच्या पत्नीने काढले."

"कुठे?" मी विचारलं.

यांनी ओळीवर बोट ठेवलं. मी पिठाचे हात पुसून ती ओळ बघितली. एकही अक्षर लागलं नाही. तव्यावरची पोळी करपली, तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

"छान आहे," मी म्हटलं. "आता साहेबांचं परत वाचा. सावकाश वाचा."

यांनी तीनदा वाचलं.