बस्त्याची वही

लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं नुसते कपडे घ्यायला येत नाहीत. घरातले सगळे रुसवे, मानपान आणि जुनी भांडणं गाडीत भरून आणतात. पंधरा-वीस जण गादीवर ऐसपैस बसतात, आणि साडी आधी कुणापुढे उलगडली एवढ्यावरून पुढच्या दहा वर्षांचा अबोला धरला जाऊ शकतो. गुलमंडीजवळच्या एका मोठ्या कापड दुकानात हा अबोला टाळायचं काम पुंडलिक सव्वीस वर्षं करत होता. सिल्लोडहून गाडी येवो की बिडकीनहून, पायऱ्यांवरूनच आवाज यायचा, “पुंडलिकभाऊ हायेत का?” पुंडलिकच्या गादीवर दुसरं कुटुंब बसलेलं असेल तर लोक समोर चहा पीत तासभर थांबायचे, पण दुसऱ्या सेल्समनकडे जायचे नाहीत.

याचं कारण पुंडलिकच्या डोक्यात होतं, आणि डोक्यात मावेना तेव्हा त्याने ते वहीत लिहायला घेतलं होतं. अशा चार जाडजूड वह्या भरल्या होत्या. कोणत्या घरचं लग्न कधी झालं, कुणी कोणता रंग घेतला हे तर होतंच. पण खरा माल खाली बारीक अक्षरात असायचा. ‘थोरल्या जावेला आधी दाखवणे.’ ‘नवरदेवाचा चुलता नको नको म्हणतो, तरी सफारीचं कापड काढणे.’ ‘आत्या विधवा, हिरवा रंग आवडतो, आपण सुचवू नये, तिलाच उचलू द्यावा.’ हे शहाणपण विकत मिळत नाही, आणि ज्याच्याजवळ असतं त्याला त्याची किंमत नसते. पुंडलिकला तर अजिबात नव्हती.

त्याला हवी होती खुर्ची. अगदी खरीखुरी, चार पायांची. सव्वीस वर्षं मांडी घालून, गुडघ्यावर उठून, साड्या उलगडून आणि घड्या घालून त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. मांडी घालणं बंद करा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दुकानात खुर्ची एकाच माणसाला मिळायची, मॅनेजरला. जालना रोडवर नवी शाखा निघणार, तिथला मॅनेजर पुंडलिकच, असं शेठने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. त्या गोष्टीला सहा दिवाळ्या उलटल्या होत्या.

अशात फेब्रुवारी महिन्यात सिडकोतल्या एका नव्या शोरूमच्या मालकाचा फोन आला. इथे बावीस हजार मिळत होते, तो चौतीस द्यायला तयार होता. काम मात्र गादीवरचंच. “येताना तुमच्या वह्या तेवढ्या आणा,” असंही तो हसत म्हणाला.

दीपमालाला, म्हणजे पुंडलिकच्या बायकोला, यात विचार करण्यासारखं काही दिसेना.

“जा की मग. इचारता कशाला?”

“तिथंबी मांडीच घालायचीय. इथं मॅनेजर झालो तर पगार थोडा कमी, पर खुर्ची मिळंल.”

“सहा वर्सं झाली, मिळतीच हाय. त्या वरच्या पैशात दोन वर्सांत गुडघ्याचं आपरेशन व्हईल.”

“त्यांना मी नकोय गं. त्यांना वह्या पायजेत.”

“आन् शेठला काय पायजे?”

शेठने शब्द दिलाय, एवढंच पुंडलिक पुटपुटला आणि पाणी प्यायला उठला. बायकोने योग्य जागी बोट ठेवलं की नवऱ्यांना तहान लागते.

नोकरी सोडताना मालकाचीच परवानगी मागणारी माणसं अजून शिल्लक आहेत. पुंडलिक त्यांतला. दुसऱ्या दिवशी तो शेठसमोर उभा राहिला आणि सिडकोची सगळी हकीकत आकड्यासकट सांगून मोकळा झाला. शेठने त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. एरवी नुसता पुंडलिक असलेला माणूस त्या दिवशी पुंडलिकराव झाला.

“अक्षय्य तृतीयेला शाखा सुरू होतेय, पुंडलिकराव. खुर्ची तुमचीच. फक्त एक करा. तिथं सगळं कॉम्प्युटरवर राहणार आहे. तुमच्या वह्या त्या सोनियाला उतरवून द्या. मॅनेजर झाल्यावर तुम्ही काय प्रत्येक गादीवर थोडेच बसणार?”

बोलणं इतकं सरळ होतं की पुंडलिकने बाहेर पडता पडताच सिडकोला नकार कळवला.

सोनिया नवीनच लागलेली, हुशार, कामाला चपळ. तिला पुंडलिकचं अक्षर लागेना. मग हा रोज दुपारी तिच्याशेजारी बसून वाचून दाखवू लागला. तीन आठवडे हे चाललं. जिथे वहीत कमी लिहिलं होतं तिथे आठवून आठवून भर घातली. “काका, तुम्हाला एवढं कसं काय माहीत?” असं ती एकदा म्हणाली, तर त्या एका वाक्यावर हा माणूस आठवडाभर खूश होता.

अक्षय्य तृतीयेला शाखा सुरू झाली. खुर्चीवर शेठचा जावई विश्वजीत बसला. पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेला. शेठने पुंडलिकला बाजूला घेतलं आणि पुन्हा खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही खुर्चीवर बसलात तर बस्ता कोण बांधणार?” पुंडलिक आणि सोनिया दोघंही या शाखेतच गादीवर आले; पुंडलिकच्या पगारात दीड हजार वाढले. पुंडलिकने लाज गुंडाळून ठेवून सिडकोला फोन केला. वह्या दुकानाच्या कॉम्प्युटरात गेल्याचं तिथपर्यंत पोचलं होतं. आता अठरा हजार देऊ, असं तो मालक म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

इथवरचं रडगाणं कुणाच्याही नशिबी येतं. भोळेपणा केला, फसला, असं म्हणून आपण सोडून दिलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात जे झालं त्यात शेठचा हात नव्हता.

सिल्लोडचे सर्जेराव आणि त्यांची बायको चतुराबाई शेंडेफळाच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले. सोबत मोठी दोन मुलं, सुना आणि गाडीभर पाहुणे. पुंडलिकच्या गादीवर दुसरी मंडळी होती. पूर्वी हे लोक थांबले असते. पण गिऱ्हाईक थांबवायचं नाही, असा विश्वजीतचा नवा नियम होता. शेजारच्या गादीवर सोनिया टॅब घेऊन बसली. तिने सगळं बिनचूक केलं. थोरल्या सुनेपुढे मोरपंखी, धाकटीपुढे मोतिया, सर्जेरावांना न विचारता धोतरजोडी. मंडळी हरखली. पुंडलिकला शेजारून आपलीच वाक्यं ऐकू येत होती.

शालूची पसंती झाली आणि सोनियाने मायेने विचारलं, “आजी, अमृताताईंची साडी मागच्यासारखी वेगळ्या पिशवीत देऊ ना? या बिलात नाही घेत.”

अमृता ही चतुराबाईची लेक. नऊ वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा सर्जेरावांनी तिच्या नावाने आंघोळ केली होती. घरात तिचं नाव निघत नव्हतं. पण त्यानंतर दोन्ही मुलांची लग्नं झाली, तेव्हा बस्ता बांधून सगळे चहाला उतरले की चतुराबाई मागे राहायची. कमरेच्या पिशवीतून पैसे काढून पुंडलिकला म्हणायची, “एक तिच्यासाठी. तिच्या रंगाला शोभंल अशी.” ती साडी पुंडलिक स्वतः अमृताला पोचवून यायचा. रंग पुन्हा तोच होऊ नये म्हणून त्याने तोही वहीत लिहिला होता, ‘वेगळी पिशवी, वेगळं बिल’ असंही. कुणासमोर बोलायचं नाही, हे लिहिलं नव्हतं. ते लिहायचं असतं असं त्याला कधी वाटलंच नाही. सोनियाला ते पान वाचून दाखवताना तो क्षणभर अडखळला होता. पण तिची बोटं थांबली होती, ती वाट बघत होती, आणि आपण आता मॅनेजर होणार, दुकानापासून काय लपवायचं, असं वाटून त्याने वाचून टाकलं होतं.

“कोण अमृता?” सर्जेरावांनी शांतपणे विचारलं.

सोनियाने टॅब त्यांच्याकडे वळवला. मुलाने वाचलं, बापाला सांगितलं. दोन लग्नं, दोन साड्या, दोन्हींचे रंग. सर्जेराव उठले, त्यांच्यामागे सगळी माणसं उठली. शालू तसाच उलगडलेला राहिला. चतुराबाई सगळ्यांत शेवटी निघाली. पुंडलिकने घाईने उठायला बघितलं, पण गुडघे उचलेनात. बसल्या बसल्याच त्याने हात जोडले.

“मी तुमाला सांगितलं व्हतं, भाऊ,” ती म्हणाली. “दुकानाला नाय.”

खाली गाडी चालू झाल्याचा आवाज आला. विश्वजीतने खुर्चीवरूनच सांगितलं, “काका, तुमचं झालं की ती गादी आवरून घ्या.” आपल्या गिऱ्हाइकांचं आटपून पुंडलिक सरकत सरकत तिकडे गेला आणि घड्या घालू लागला. चतुराबाई बसली होती तिथे, गादी आणि भिंतीच्या फटीत सारून ठेवलेली एक अबोली साडी सापडली. कुणाचं लक्ष नसताना तिने ती आधीच निवडून ठेवली होती. पुंडलिकने ती मांडीवर घेतली, काठाला काठ जुळवून घडी घातली आणि बाकीच्या साड्यांबरोबर कपाटात ठेवून दिली.