त्या रविवारचे दोन नकार

दादाच्या कारखान्याची जीप शाळेच्या फाटकाशी थांबली, तेव्हा मी सातवीच्या वर्गाला शिकवत होते. ड्रायव्हर उतरला, पण पायरी चढेना. तिथेच मी ओळखलं. दादा गेला... कामावर, खुर्चीत बसल्या बसल्या. वय बेचाळीस. आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे सगळे एकच म्हणतात, "बहिणीसाठी भाऊ बिनलग्नाचा राहिला." असा संताप येतो! अहो, मीही त्याच्यासाठीच राहिले होते.

आमचं घर खालापूरचं. वडील लवकर गेले, मग आईला अर्धांगवायू झाला. दादाचं म्हणणं, धाकटीचं लग्न झाल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही. माझं म्हणणं, आईचं करायला वहिनी आल्याशिवाय मी घर सोडणार नाही. कळंबची एक मुलगी दादाच्या मनात भरली होती. मला कर्जतच्या एका शिक्षकांचं स्थळ आवडलं होतं. दोन्ही घरं ताटकळत होती आणि आम्ही हट्टाला पेटलेले. आई अंथरुणातून म्हणायची, "माज्यापायी अडू नका रं. मी आज हाय, उद्या नाय." तिचं ऐकतं कोण! वर्ष गेलं, दुसरं लागलं. घरात जीव नुसता घुसमटायचा.

दादा रसायनीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर होता. एकदा जेवताना म्हणाला, आज मशीन अडून बसलं. एका कामानं गोदामाची नोंद धरून ठेवलेली आणि त्याला मागणीची नोंद हवी. दुसऱ्यानं मागणीची धरलेली, त्याला गोदामाची हवी. दोघंही हातातलं सोडेनात.

"मग रे?"

"मग एकाला काढून टाकायचं. त्यानं केलेलं सगळं पुसायचं. दुसरं लगेच सुटतं."

"कुणाला काढायचं ते कसं ठरवतोस?"

"ज्याचं काम कमी झालंय त्याला."

कुणाविषयी बोलणं चाललंय ते आईलासुद्धा कळलं असणार. मी मनात हिशेब केला, त्या शिक्षकांना मी दोनदाच भेटलेय, म्हणजे काढायचं ते मला.

पुढच्या रविवारी शाळेचं काम सांगून मी कर्जतला गेले आणि नकार देऊन आले. मी कायमची घरात राहिले की दादाला अडायला कारणच उरणार नव्हतं. संध्याकाळी तो इस्त्रीच्या शर्टात घरी आला. मी ऐटीत सांगितलं, "मी नाही म्हणून आले. आता कळंबला होकार कळव."

दादा ओरडलाच. "अगं, काय केलंस हे! मी कळंबलाच नाही म्हणून आलो. आईचं मीच करीन म्हणून, तुला मोकळी करायला..."

आधी आम्ही हसलो. खरंच हसलो. मग दादा म्हणाला, "मशीनमध्ये दोघांवर नजर ठेवणारा एक असतो गं. आपल्या घरात कुणीच नव्हतं." शब्द फिरवायला मामांना पाठवलं. कळंबचे वडील म्हणाले, "आमची पोर काय बाजारातली भाजी हाय?" दिवाळीनंतर शिक्षकांचंही लग्न झालं. दोन वर्षांनी आई गेली, आणि आम्ही दोघं एकमेकांचे अपराधी म्हणून एका छपराखाली उरलो. दादा त्या रविवारचं पुन्हा कधी बोलला नाही, मीही नाही.

गेल्या आठवड्यात कळंबची ती आली. आता दोन मुलांची आई. पाणी प्यायली, पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "ताई, माज्यात काय खोट होती? त्यांनी कारण नाय सांगितलं."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"एवडंच व्हतं?" ती म्हणाली. "मला इचारायचं तरी. आईंचं मी केलं असतं. दोन्ही लग्नं एकाच मांडवात लावली असती की."

इतकी शिकलेली आम्ही दोघं... कपाळ आमचं!

जाताना तिनं दादाची खोली बघायला मागितली. त्याच्या कॉटच्या कडेला क्षणभर टेकली, आणि गेली. चादरीवर तिथे चुणी पडली आहे. ती चादर मी अजून झटकलेली नाही.