शेडपर्यंत पोचणारा राऊटर
नव्या राऊटरचं खोकं उघडलं, की कोऱ्या प्लास्टिकच्या वासानं मला लातूरच्या आमच्या घरमालकीण काकू आठवतात. मेडिकलच्या शिकवणीसाठी आम्ही तिघी मुली त्यांच्याकडे राहायचो. ऑनलाइन तास सारखे अडकायचे, म्हणून काकूंसोबत नवा राऊटर आणायला गेलो. आम्हाला वेगवान हवा होता. दुकानदारानं घर केवढं आहे विचारलं, तशा काकू म्हणाल्या, "तीन खोल्या अन् अंगणातलं पत्र्याचं शेड. शेडपर्यंत रेंज पायजे." काकू त्या शेडात झोपायच्या, खोल्या आम्हाला दिल्यात म्हणून, असं आम्हाला वाटायचं. "भूकंपात घर पडल्यापासून स्लॅबखाली डोळा लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "देगलूरला लेक बाळंत झाली. तिथं बसून मोबाइलवर नातीचं तोंड बघावं म्हन्ते." "मग ह्यो घ्या," दुकानदार म्हणाला, "स्पीड कमी हाय, पण लांब पोचतो." आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तोच घेतला. संध्याकाळी शेडातल्या खाटेवर काकूंना मध्ये घेऊन बसलो. मोबाइलवर नात दिसली, गाढ झोपलेली. "उठवू का?" लेकीनं विचारलं. "नगं, निजू दे," म्हणत काकू कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. पुढे आमच्यातल्या एकीलाच मेडिकल मिळालं, आणि ती मी नव्हते. तरी लातूर म्हटलं, की मला आधी ते झोपलेलं बाळ आठवतं आणि बरं वाटतं.