दामाजीची बटणं

चेंदणी कोळीवाड्यातला दामाजी नाखवा होडीवर कधी रमला नाही. खाडीत मासाही पूर्वीसारखा उरला नव्हता. ब्याऐंशी साली डोंबिवलीत गुप्त्यांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत चिकटला, तो तिथलाच झाला. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं कॅसेटवर वाचून घ्यायचं काम त्या स्टुडिओकडे असे. वाचणाऱ्या बाई खोकल्या, अडखळल्या, पान उलटल्याचा आवाज आला, की ते काढून टाकायचं ते दामाजीने. रीळ हाताने मागेपुढे फिरवून नेमकी जागा ऐकायची, फितीवर पेन्सिलीची खूण करायची, ब्लेडने तिरपा काप घ्यायचा आणि दोन टोकं चिकटवायची. जोड कुठे आहे ते कुणाला सांगता येत नसे.

पंच्याण्णवच्या सुमाराला त्याला बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं दिसे, पण कडेने येणारा माणूस एकदम अंगावर आल्यासारखा वाटे. ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, म्हणाले. बायको मालू दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. दामाजी उभाच राहिला. दुसऱ्या कुणाचा तरी निकाल चुकून आपल्याला वाचून दाखवला, असं काहीसं त्याला वाटत होतं. मग तो म्हणाला, "चल, बाजाराची वेळ झाली तुझी." मालू मासळी विकायची.

फितीचं काम तरी चालू होतं. ते बोटांचं आणि कानांचं काम. पण अठ्ठ्याण्णव साली गुप्त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि रिळांची मशीनं जिन्याखाली गेली. आता आवाज पडद्यावर हिरव्या डोंगरांसारखा दिसायचा आणि माऊसचा बाण त्यावर नेऊन कापायचा. दामाजीला तोवर पडद्यावरचा रुपयाएवढा तुकडाच दिसत होता. बाण एकदा हरवला की हरवलाच.

गुप्ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला फोन घ्यायला बसवलं. फोन फारसे येत नसत. दामाजी खुर्चीत बसे, डबा खाई, घरी जाई. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "ठीक आहे."

एक दिवस मालू मासळीची पाटी घरी ठेवून थेट स्टुडिओत आली.

"सायेब, यांना नुसतं बसवून ठेवू नका," ती म्हणाली. "घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसतान. पोरांशी बोलत नाय, माज्याशी भांडत पन नाय."

"अगं, त्याला पडदा दिसत नाही. मी तरी काय करू?"

"ते मना काय ठाऊक? तुमी शिकलेले."

गुप्त्यांनी मारुतीला बोलावलं. मारुती वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनचे कंट्रोल पॅनेल बांधायचा आणि फावल्या वेळात स्टुडिओची दुरुस्ती बघायचा. त्याने दोन दिवस कॉम्प्युटरशी खटपट केली आणि दामाजीजवळ येऊन बसला.

"अरे, माऊसने होतं ते सगळं कीबोर्डनेही होतं. कुठलं बटण काय करणार तेसुद्धा ठरवता येतं. तू फक्त सांग, कापताना तू काय काय करतोस?"

दामाजीने हवेतच रीळ फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "ऐकतो. मागं जातो. सुरुवात धरतो, शेवट धरतो. कापतो. परत ऐकतो."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

मारुतीने जुना कीबोर्ड उघडला, आतल्या कींना तारा जोडल्या आणि एका पत्र्याच्या डब्यावर मशीनची जाड बटणं बसवून तारा त्यांना नेल्या. बटणांचा हिरवा-लाल रंग दामाजीच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून एका बटणावर कानशीने खाच पाडली, एकावर रबराची रिंग चढवली. एक माऊस फोडून त्यातली चकती जुन्या मशीनच्या रिळाला जोडली. रीळ फिरवलं की बाण आवाजावरून सरके आणि आवाज मागेपुढे ऐकू येई, फितीवर येई तसाच.

पहिल्याच आठवड्यात दामाजीकडून चूक झाली. शेवट धरायचा राहिला आणि त्याने कापायचं बटण दाबलं. इतिहासाचा अख्खा धडा गेला, आणि लगेच सेव्हचं बटणही दाबल्यामुळे बिघडलेलंच कायम झालं. वाचणाऱ्या विमलाबाईंना पुन्हा बोलवावं लागलं. त्या कुरकुरल्या नाहीत, पण घसा बसलेला होता, धडा पुन्हा वाचताना ते ऐकू येत होतं. दामाजी बाहेर बसून राहिला. शरम वाटायला हवी, हे त्याला कळत होतं.

मारुतीने कापायचं बटण डब्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि त्यावर उघडल्याशिवाय दाबता येणार नाही असं झाकण बसवलं. सेव्ह करायचं बटण डब्यावरून काढूनच टाकलं. ते काम गुप्ते स्वतः करू लागले.

त्यानंतर काम सुरळीत झालं. दामाजी पुन्हा कापायच्या खोलीत बसू लागला. पडद्याचा त्याला उपयोग नव्हता, म्हणून तो बंदच ठेवी. महिन्याला दोन-तीन पुस्तकं निघू लागली.

"आता बरं वाटतंय ना?" मारुतीने विचारलं.

"काम होतंय," दामाजी म्हणाला.

नव्याण्णवच्या मार्चमध्ये गुप्त्यांनी दुपारी त्या खोलीचं दार ढकललं. खोलीला खिडकी नव्हती. आत काळोख होता आणि काळोखात रीळ फिरत होतं.

"दामाजी? अरे, ट्यूब गेलीय इथली."

रीळ थांबलं.

"कधी?"

"मला काय माहीत? तू बसलास तेव्हा होती का?"

तोंड वर करून दामाजीने छताकडे पाहिलं, मग गुप्त्यांच्या आवाजाच्या दिशेने, जिथे दारातून पॅसेजचा उजेड यायला हवा होता. हात डब्यावर तसाच होता.

"सायेब," तो म्हणाला, "जरा चहा सांगा."

संध्याकाळी नेहमीसारखी मालू ठाणे स्टेशनवर त्याला घ्यायला आली. कोळीवाड्याच्या वळणावर तो थांबला. मग म्हणाला, "मालू, संपलं गं. काहीच दिसत नाय."

"ठाऊक हाय मना," ती म्हणाली. "दिवाळीपासून ठाऊक हाय. कंदील लावला तवा तुमी मान पन वळवली नाय."

"बोलली का नाय मग?"

"तुमी बोलत नव्हता, मी काय बोलू?"

तिने त्याचं मनगट धरलं. तिच्या हाताला सुक्या बोंबलांचा वास होता. रस्त्याच्या कडेला, लोक जात-येत असताना, दामाजी रडला. फार वेळ नाही. मग त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "कसला कंदील होता?"

"पिवला," मालू म्हणाली. "थोरल्याने केलेला. वाकडाच झाला होता."