टेपवरचं गाऱ्हाणं

बाबांचा बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर पत्र्याच्या पेटीएवढा होता. वरची दोन रिळं फिरायला लागली की घरात कोणी खोकायचंसुद्धा नाही, असा त्यांचा हुकूम. मला त्याचा भारी राग यायचा. आई मात्र भांडीही बेतानं ठेवायची.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा रत्नागिरीतल्या एका दुरुस्तीवाल्याने टेपरेकॉर्डरचा वितळून चिकट झालेला रबरी पट्टा बदलून दिला, तेव्हा तिचा आवाज कुठेतरी सापडेल म्हणून बाबांनी सगळी रिळं माझ्यापुढे ठेवली. भजनं, आरत्या, जाखडीची गाणी, सगळं होतं. आई नव्हती. गाण्यांचा आवाज नीट यायला हवा; बायको काय, रोजचीच.

शेवटच्या रिळात शिमग्याची पालखी आमच्या अंगणात आली होती. गावचे मानकरी देवाला गाऱ्हाणं घालत होते आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं होकार भरत होती. मधेच अगदी जवळून आई म्हणाली, "अहो, जरा ऐकता का..."

"गप. टेप चालू आहे." हा बाबांचा आवाज.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "काय सांगत होती गं ती?"

मला कुठून ठाऊक असणार? मी रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं. आईने तोंड उघडलं, बाबांनी तिला गप्प केलं आणि सगळा गाव एका सुरात म्हणाला, "होय महाराजा."