आमच्या साडभाऊंची बेडूकमोजणी

बेडकांशी घरोबा असलेला माणूस मध्य प्रदेशातल्या आमच्या सबंध बालाघाटात एकच झाला आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे हे साडभाऊ कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. उभी नोकरी पोरांना कापायला बेडूक पुरवण्यात गेली. नव्वदच्या दशकात, जगभर बेडूक कमी होताहेत म्हणून अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून मोजणी काढली, तेव्हा प्रोफेसरांनी छापील तक्ता यांच्याच हाती दिला. दर रविवारी संध्याकाळी तळ्याकाठी बसायचं, आवाज मोजायचे आणि आकडे परदेशातल्या एका संशोधक बाईंना धाडायचे. साडभाऊ म्हणाले, "इतके कापले बा, आता मोजून तरी पाहतो."

तेव्हापासून त्यांचे कान माणसांच्या उपयोगाचे उरले नाहीत. पुतणीच्या लग्नात त्यांनी ऐन वरातीत बँड थांबवला. "जरा रुको, अपना आदमी बोल रहा है," असं बँडवाल्याला सांगून हे नालीपाशी उकिडवे बसले आणि नवरदेव घोडीवर ताटकळला. किरनापूरच्या बसमध्ये मला एकेका जातीचा आवाज काढून दाखवत होते, तेव्हा तिसऱ्या जातीला शेजारचा प्रवासी जागा सोडून उठला. सासऱ्यांचं घोरणं ऐकून "नर आहे, मोठा आहे," असा निर्वाळा दिला, तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

एका पावसाळ्यात त्या परदेशातल्या संशोधक बाई खरंच इथं आल्या. यांना इंग्रजी येईना, त्यांना हिंदी-मराठी. परसवाड्याच्या रस्त्यावरच्या तळ्याकाठी यांनी एक आवाज काढला. बाईंनी मान हलवून तोच जरा खालच्या पट्टीत काढला. यांना पटेना. अर्धा तास हा वाद चालला आणि धुणं धुणाऱ्या बाया पिळे हातात धरून बघत राहिल्या. घरी येऊन म्हणाले, "लय समजदार बाई आहे. थोडी चुकते."

पुढं तळ्याभोवती घरं झाली, पाणी काळं पडलं. एक पावसाळा असा आला की तळ्यातून काहीच ऐकू येईना. साडभाऊ तक्ता घेऊन माझ्याकडं आले. "शून्य लिहू काय?"

"नाही आलं ऐकू, तर लिहा."

"आणखी एक रविवार पाहू," म्हणत त्यांनी तीन रविवार काढले. मग लिहिलं.

महिन्याभरानं बाईंचं पत्र आलं. प्रोफेसरांनी वाचून सांगितलं, बाईंच्या घरामागच्या डबक्यातही यंदा शून्यच आहे, तरी त्या रोज तिथं जाऊन बसतात. साडभाऊंनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. मग मला म्हणाले, "तिच्या बाजूले कोणी बसत असन का हो?"

पुढल्या रविवारी मी त्यांच्यासोबत तळ्यावर गेलो.